ओकाखालचा खड्डा आणि दोन फुलबॅक

एव्हासिओ बोनार्दो पळायला हळू होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याला न पाहिलेल्यांना वाटतं की एवढा नावाजलेला फुलबॅक म्हणजे हरणासारखा धावत असेल. हरीण कसलं! द्राक्षांनी भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलासारखा चालायचा. पण चेंडू कुठे येणार हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं. तिथे जाऊन तो असा उभा राहायचा की जणू कुणीतरी त्याला याच वेळी, इथेच भेटायचं कबूल केलं होतं. समोरचा गडी घाम गाळत, चार जणांना चुकवत यायचा आणि बघतो तर एव्हासिओ वाटेत उभा, शर्टाची बाही नीट करतोय.

मी आठ वर्षं त्याच्या पाठीमागे गोलमध्ये उभा होतो. त्याचं तोंड जितकं पाहिलं त्याच्या दसपट त्याची मान पाहिली. माझा धंदा दारूची लाकडी पिंपं बनवायचा, त्यामुळे पंजे फावड्याएवढे. एवढ्या एका गुणावर मला गोलकीपर केलं होतं. गावात मला तिस्ता म्हणतात.

तर एव्हासिओची ही चेंडू ओळखायची कला कुठून आली? जंगलातून. बोनार्दोंचं घर पिढ्यान्‌पिढ्या पांढरी अळंबी शोधणाऱ्यांचं. ही अळंबी जमिनीखाली, ओकाच्या मुळाशी धरते. वरून काही दिसत नाही, वास फक्त कुत्र्याला येतो. अळंबीवाला घरातून निघतो तो देवळाच्या दिशेनं. कोपऱ्यावर गेला की मागे बघतो, ओढ्यात उतरतो आणि भलत्याच टेकडीवर निघतो. आपण कुठे चाललो हे बायकोलाही सांगायचं नाही, आणि दुसरा कुठे चाललाय हे त्याच्या खांद्यावरून ओळखायचं. लहानपणापासून हेच केलेल्या माणसाला सेंटर फॉरवर्डच्या हुलकावण्या म्हणजे काय? पोरखेळ.

आणि अळंबीवाला बोलत नाही. जंगलात हाक मारली की चार शेजारी जागा ओळखतात. म्हणून कुत्र्याला सगळं खुणेनं सांगायचं. जिभेनं टक्‌ केलं की हुंग. दातांतून एक बारीक शिट्टी मारली की आहेस तिथे थांब. दोन शिट्ट्या म्हणजे पुढे चल. एव्हासिओ माणसांशीही साधारण एवढंच बोलायचा.

अळंबी काढली की खड्डा बुजवायचा. माती परत लोटायची, पाला पसरायचा, पायानं दाबायचं. आमच्या टेकड्यांवर यापेक्षा मोठा कायदा नाही. चोर एकदा नेतो. उघडा खड्डा मात्र मुळं सुकवतो आणि त्या झाडाचं पीक कायमचं जातं. एव्हासिओला ही सवय इतकी लागली होती की मैदानात कुणाला घसरून अडवलं आणि गवताचं ढेकूळ उडालं, तर तो आधी ते ढेकूळ जागेवर बसवून पायानं दाबायचा, मग चेंडूकडे बघायचा. मी मागून ओरडायचो, "अरे एव्हासिओ, शेत नंतर कर!"

१९११ च्या शरद ऋतूत सान बोव्होच्या देवळीखालच्या मोठ्या ओकाशी एव्हासिओच्या बापाला, कार्लिनला, एक खड्डा उघडा सापडला. हातभर खोल, मुळं वर आलेली. त्या ओकाची जागा दोनच माणसांना ठाऊक होती: कार्लिन बोनार्दो आणि पिनिन राविझ्झा. कार्लिननं चौकातल्या दारूच्या गुत्त्यात सगळ्यांदेखत पिनिनला विचारलं, "हात आखडले होते काय रे माती लोटताना?" पिनिन म्हणाला, "मी गेलो तेव्हा तो उघडाच होता. तुझेच हात बघ." मग टोप्या जमिनीवर पडल्या, एक बाटली फुटली. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या पोरांना कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की त्या घरातल्या माणसाशी जन्मात बोलणार नाही.

कार्लिनचा पोरगा एव्हासिओ, पिनिनचा ओदोने. दोघं शाळेत एका बाकावर. बाईंनी दोघांच्या मध्ये मला बसवलं. "एव्हासिओ, ओदोनेकडून खडू घे," असं बाई म्हणाल्या की ओदोने खडू मला द्यायचा आणि मी एव्हासिओला. माझी सगळी हयात याच कामात जाणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत!

महायुद्ध संपल्यावर आमच्या रोवेदा गावात फुटबॉल आला. सिमेंटच्या खाणीवाल्यांनी टीम काढली. खाण म्हणजे डोंगराच्या पोटात बोगदे, तिथून दगड काढायचा. एव्हासिओनं तीन वर्षं खाली काढली होती. संध्याकाळी वर यायचा तेव्हा पिठात लोळवलेल्या माशासारखा दिसायचा आणि रात्रभर खोकायचा. टीमच्या गड्यांना मात्र वरती, गोदामात काम. पोती मोजायची, उन्हात उभं राहायचं, शनिवारी दुपारी सुट्टी. म्हणून एव्हासिओला टीमचा शर्ट म्हणजे नुसता शर्ट नव्हता. ते डोक्यावरचं आभाळ होतं.

ओदोने राविझ्झाही फुलबॅक झाला. आता तुम्ही म्हणाल, एकमेकांशी न बोलणारे दोन बॅक एका टीममध्ये चालले कसे? अहो, झकास चालले. त्याचं कारण तेव्हाचा ऑफसाइडचा नियम. त्या काळी पुढे चेंडू घेणाऱ्या गड्यापुढे आमची तीन माणसं असावी लागत. मी गोलमध्ये, ओदोने माझ्यापुढे, म्हणजे दोन झाले. तिसरा एव्हासिओ. तो एक पाऊल पुढे सरकला आणि गडी त्याच्या मागे राहिला की झालं, गडी ऑफसाइड! बोलायची गरजच नव्हती. एव्हासिओ पुढे जायचा, उजवा हात वर करायचा आणि पंच शिट्टी मारायचा. एका दुपारी त्यानं नुव्होलेच्या टीमला एकोणतीस वेळा ऑफसाइड पकडलं. त्यांचा डावा विंगर मैदानातच बसला आणि रडायला लागला. त्याची आई छत्री घेऊन आत आली होती, एव्हासिओला मारायला.

चार मोसम असे गेले. मग १९२५ साली वरच्या लोकांनी नियम बदलला. आता तीन नाही, दोनच माणसं पुरेत. म्हणजे एकट्या एव्हासिओनं पुढे सरकून भागेना. तो सरकला तरी मी आणि ओदोने असे दोन मागे उरायचोच. गडी पकडायचा तर दोन्ही बॅकनी एकाच क्षणी पाऊल टाकायला हवं. आणि एकाच क्षणी टाकायचं तर कुणीतरी कुणाला तरी "चल" म्हणायला हवं.

पहिल्याच सामन्यात आम्ही सहा गोल खाल्ले. एव्हासिओ पुढे जाऊन हात वर करून उभा, आणि माणसं त्याच्या बगलेखालून शांतपणे गोल मारून परत. सहाव्या गोलनंतरही हात वरच होता.

"हात खाली घे रे," मी म्हणालो, "कपडे वाळत घातलेत काय?"

त्याच सुमारास क्लबनं मिस्टर आणला. खेळ शिकवायला येतो त्याला आमच्याकडे मिस्टरच म्हणतात, मग तो कुठलाही असो. हा हंगेरीचा, नाव सेंतेश. एक सुटकेस, एक छत्री, आणि खिशात लाल तिखटाची डबी. ती तो सगळ्यावर शिंपडायचा. गुत्त्याची मालकीण तेरेझिना हिनं वळलेल्या मांसाच्या करंज्यांवरही त्यानं ती शिंपडली, तेव्हा तिनं ताट उचलून नेलं आणि त्याला उकडलेला बटाटा दिला. आमची भाषा तो दगड फोडल्यासारखी बोलायचा. पण खेळ कळत होता. दोन सराव बघितले आणि मला बाजूला घेतलं.

"तिस्ता. ते दोन. मुके आहे?"

"नाही मिस्टर. शपथ आहे."

"देवाची?"

"कुत्र्याची."

मिस्टरनं बराच वेळ छत्रीच्या टोकानं जमीन कोरली. मग दोघांना समोर उभं केलं. "तू बोलते. तो बोलते. मी ऐकते. नाताळपर्यंत मी नाही ऐकते, तर शहरातून दोन बॅक येते. तुम्ही दोन, खाली." आणि बोट खाणीच्या तोंडाकडे केलं.

एव्हासिओचा चेहरा त्या क्षणी पांढरा झाला, सिमेंट न लागताच.

पहिला उपाय दोघांना सोपा वाटला: मी. पुढच्या रविवारी सामना सुरू झाला आणि ओदोने मागे वळून म्हणतो, "तिस्ता, त्या माणसाला सांग, कुरळ्याला धर."

"एव्हासिओ, कुरळ्याला धर!"

"त्याला विचार, कुठल्या कुरळ्याला? दोन आहेत."

"ओदोने, कुठला कुरळा?"

"डोळे आहेत का म्हणावं त्याला! ज्याच्याकडे चेंडू—"

तोवर चेंडू माझ्या मागे जाळीत होता. मी म्हणालो, "दोघांनाही सांगतो, तो कुरळा होता."

मग मला एक गोष्ट दिसली. सरावाला एव्हासिओच्या मागे मागे त्याच्या बापाची कुत्री यायची, बिर्बा. चेंडू बघून ती मैदानात घुसली तेव्हा एव्हासिओनं दातांतून बारीक शिट्टी मारली. बिर्बा जागच्या जागी थांबली. आणि तिच्याबरोबर, एक पाय हवेत तसाच ठेवून, ओदोनेही थांबला!

मी पोट धरून हसलो. कारण माझ्या लक्षात आलं: हा लहानपणापासून झुडपात लपून बोनार्दोंच्या मागावर फिरलाय. त्यांच्या कुत्रीला जेवढ्या खुणा कळतात तेवढ्या ह्यालाही कळतात. आणि राविझ्झांच्या खुणा एव्हासिओला.

दुसऱ्या दिवशी दोघांना माझ्या पिंपांच्या कारखान्यात बोलावलं. एक खिडकीशी, एक दाराशी. म्हटलं, "शपथ बोलायची आहे ना? शिट्टीची नाही. एकानं शिट्टी मारायची, दुसऱ्यानं ऐकायचं. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या पुढे."

ओदोने एका रिकाम्या पिंपाकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी बोनार्दोंचा कुत्रा व्हायचं?"

एव्हासिओ खिडकीच्या काचेला म्हणाला, "कुत्रा? बिर्बाला अपमान वाटेल."

"तिस्ता, हा काय म्हणाला?"

"म्हणाला, थंडी पडलीय."

सगळी सकाळ घासाघीस चालली. शेवटी ठरलं की पहिल्या अर्ध्यात शिट्टी एव्हासिओची आणि कुत्रा ओदोने, मध्यंतरानंतर उलट. सुरुवात कुणी करायची यावर दोनदा नाणं उडवलं, कारण पहिल्यांदा ते पिंपात पडलं आणि दोघांपैकी कुणीच डोकावून बघेना, दुसरा काय म्हणेल म्हणून.

आणि काय सांगू, जमलं! तीन सामने आम्ही एकही गोल खाल्ला नाही. दोन बारीक शिट्ट्या वाजायच्या आणि दोघं एकाच पावलानं पुढे, जणू कवायत. ओदोने फक्त एकदा चुकला. प्रेक्षकांत कुणीतरी आपल्या कुत्र्याला शिट्टी मारली आणि हा समोरचा गडी सोडून दुसऱ्याच दिशेला निघाला. मिस्टरला बोलणं हवं होतं, पण गोल बंद झाल्यावर तो म्हणाला, "शिट्टी ठीक. पक्षी ठीक. मला काय."

एव्हासिओ तेव्हा मोकळा हसायला लागला. गोदामात पोती मोजताना गुणगुणायचासुद्धा.

नाताळाच्या आधीचा शेवटचा रविवार, पोंतेस्त्राशी सामना. सकाळपासून धुकं. अगदी दिसेनासं नव्हतं, पण माझ्या गोलमधून मधली रेघ धूसर. खांबांमागे सगळं गाव कोट-मफलर घालून उभं. कार्लिन एका टोकाला, पिनिन दुसऱ्या टोकाला, नेहमीप्रमाणे मध्ये दोनशे माणसं ठेवून. पंच आलेस्सांद्रियाचा, मिशीला मेण लावलेला, अंगात नवा कोट.

दहाव्या मिनिटाला पोंतेस्त्राचा सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन निघाला. एव्हासिओनं शिट्टी मारली. धुक्यात कोण शिट्टी मारतंय ते कुणाला दिसतंय! फॉरवर्डला वाटलं पंचाची. तो थांबला, सभ्यपणे चेंडू हातात उचलला आणि पंचाकडे नेऊन दिला. पंचानं हाताला चेंडू लागला म्हणून आम्हाला फ्री किक दिली. पोंतेस्त्राचे अकराच्या अकरा पंचाभोवती गोळा झाले.

"शिट्टी तुम्हीच मारली!"

"मी नाही मारली!"

"मग काय कोकिळेनं मारली?"

पाच मिनिटांनी परत तेच. या वेळी आमचेच तीन गडी थांबले आणि पोंतेस्त्रानं गोल केला. पंच तरातरा आमच्याकडे आला. माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं. मग तो एव्हासिओच्या नाकासमोर उभा राहिला. "या मैदानात शिट्टी एकच. ती माझी. आता आणखी एक ऐकली, तर शिट्टीवाला बाहेर."

संपलं. खांबाशी उभ्या मिस्टरनं छत्री बगलेत धरली, खिशातून एक कागद काढला आणि त्याच्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. तो कागद आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्यावर शहरातल्या दोन बॅकची नावं होती.

मध्यंतराला एव्हासिओ चहासुद्धा न पिता भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"एक शब्द," मी म्हटलं. "'चल' एवढं म्हण. कुत्रीच्या डोक्यावर मी हात ठेवून माफी मागतो."

"तोंडातून निघत नाही, तिस्ता."

"प्रयत्न तरी कर."

"काल घरी केला. भिंतीला 'ओदोने' म्हणून बघितलं. घशात अडकलं. आई म्हणाली, काटा लागला का?"

दुसरा अर्धा सुरू झाला. आमच्या डाव्या विंगरनं एक गोल फेडला, एक-एक झाले. मग पोंतेस्त्रानं दाबलं. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा माझ्या गुडघ्याला. तिसऱ्या वेळी त्यांचा सेंटर फॉरवर्ड आमच्या दोन बॅकच्या बरोबर मध्ये, ओदोने पार मागे माझ्याजवळ आणि एव्हासिओ दहा पावलं पुढे. मागून लांब चेंडू येणार हे आंधळ्यालाही कळत होतं. ओदोने पुढे आला तरच वाचलो. एव्हासिओ मागे वळला. त्याचं तोंड मला समोरून दिसलं, लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि चौदा वर्षांचं बूच उडालं.

"राविझ्झा! तुझ्या बापानं खड्डा उघडा ठेवला!"

ओदोने आधी हबकला. मग त्याचे कान लाल झाले आणि तो मुठी आवळून तडक एव्हासिओच्या अंगावर निघाला, आठ-दहा ढांगांत त्याच्या रेघेला येऊन भिडला. त्याच वेळी चेंडू सुटला, आणि सेंटर फॉरवर्ड दोघांच्या मागे, माझ्यासमोर एकटाच उभा. लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड!

"कोण म्हणतं माझ्या बापानं?" ओदोने गरजला. "आम्ही गेलो तेव्हा माती उपसलेली होती!"

"उपसलेली होती तर बुजवली का नाही?"

"दुसऱ्याचा खड्डा मी बुजवू?"

"तुम्ही गेलात कशाला तिथे? ती जागा आमच्या आज्याची!"

"तुझ्या आज्याला दाखवली कुणी? आमच्या आजीनं!"

आणि खेळ चालूच! भांडण लांबून होत नाही, हे लक्षात घ्या. भांडायला माणसाला समोरच्याच्या रेघेत राहावं लागतं. एव्हासिओ सरकला की ओदोने त्याला सोडायला तयार नाही, ओदोने मागे आला की एव्हासिओ उत्तर द्यायला त्याच्यामागे. मधून कुणी चेंडू आणला की दोघांपैकी एक तो पायानं काढून लाथाडायचा, माशी हाकलावी तसा, आणि वाक्य पुरं करायचा. पोंतेस्त्राचा सेंटर फॉरवर्ड नऊ वेळा ऑफसाइड सापडला. शेवटी तो बिचारा मला विचारायला लागला, "हे काय म्हणतायत? कसला खड्डा?"

"तू पड त्यात," मी म्हणालो.

खांबांमागे कार्लिन आणि पिनिनही पेटले होते. मधल्या दोनशे माणसांच्या डोक्यांवरून त्यांचंही सुरू झालं. तेरेझिना दोघांच्या बाजूनं आलटून पालटून ओरडत होती. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या कुणीतरी कॉर्नरवर डोकं लावलं आणि गोल झाला, पण गावात विचाराल तर तो कुणी केला हे निम्म्यांना आठवत नाही. त्यांचं लक्ष ओकाकडे होतं.

सामना संपल्यावर मिस्टर डोळ्यांत पाणी घेऊन आत आला. "हे बोलणं! हे मी म्हणते! तिस्ता, 'खड्डा' म्हणजे काय?"

मी काय सांगू? म्हटलं, "खड्डा म्हणजे... दोघांनी पुढे सरकायचं, मिस्टर."

त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या धाकट्या टीमची पोरं ऑफसाइड धरताना "खड्डा! खड्डा!" ओरडायची आणि परगावचे लोक पायाखाली बघायचे.

सोमवारी यादी लागली, तेव्हा बॅकच्या जागी बोनार्दो आणि राविझ्झा. मिस्टरनं शहरवाल्यांच्या नावाचा कागद तिखटाच्या पुडीला वापरला. पण एव्हासिओला खरी भीती घरी होती. त्यानं मला सोबत नेलं. कार्लिन चुलीशी, लसूण-मासळीचं गरम कालवण ढवळत बसलेला.

"बोललास त्याच्याशी?" कार्लिननं वर न बघता विचारलं.

"शिव्या दिल्या, बा."

कार्लिननं विचार केला. ढवळणं चालूच. "शिव्या चालतात," तो म्हणाला. "बोलायचं नाही. बस, जेव."

मी नंतर एकदा एव्हासिओला विचारलं की ते तू मुद्दाम ओरडलास, त्याला पुढे खेचायला? तो म्हणाला, "मुद्दाम कसलं! 'चल' म्हणायला तोंड उघडलं. पण चौदा वर्षं ते दुसरं वर बसलं होतं, आधी ते बाहेर आलं."

पुढची चार वर्षं आमचा बचाव सगळ्या मुलखात गाजला. वाद संपू नये म्हणून मिस्टर डोळ्यांत तेल घालून जपायचा. एकदा पाद्रीबाबांनी दोन्ही घरांचा समेट घडवायचा बेत केला, तर मिस्टर धावत देवळात गेला आणि म्हणाला, "फादर, मोसम संपू दे. मे महिन्यात करते."

मग १९२९ साली तोरीनोच्या एका मोठ्या क्लबचा माणूस आला आणि त्यानं एव्हासिओला उचलला. एकट्यालाच. एव्हासिओ नव्या बुटांची पेटी घेऊन गाडीत बसला. गोदाम सुटलं, खाण तर कायमचीच, असं आम्हाला वाटलं. महिन्याभरात कळलं की तो राखीव टीममध्ये बसलाय. मी भेटायला गेलो, तर माणूस वाळलेला.

"जोडीला कोण आहे?" मी विचारलं.

"फ्लोरेन्सचा एक आहे. फार चांगला माणूस."

"मग?"

"फार चांगला, तिस्ता. चूक माझी असली तरी 'माफ कर, एव्हासिओ' म्हणतो. मी काही बोललो की 'बरोबर आहे तुझं' म्हणतो. आता अशा माणसाबरोबर कुणी कसं खेळायचं? जानेवारीत घरी पाठवणार म्हणतायत. घरी म्हणजे कुठे, ते तुला माहीत आहे."

मी त्याला एक पोस्टकार्ड आणि दौत आणून दिली. तो तासभर त्या कार्डावर झुकून बसला. घामानं एक कोपरा भिजला. लिहिलं एकच वाक्य: "राविझ्झा, तुझी आजी खोटं बोलायची."

ओदोनेनं ते कार्ड गुरुवारी वाचलं आणि शुक्रवारी पहिल्या गाडीनं तोरीनोला निघाला, मारामारी करायला. बायकोनं डब्यात खारवलेल्या मांसाची सलामी बांधून दिली, कारण मारामारीलाही रिकाम्या पोटी जाऊ नये. शनिवारी सरावाच्या मैदानाच्या कुंपणावरून त्यानं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून एव्हासिओ त्या मोसमात पहिल्यांदा माणसासारखा खेळला. तीन चेंडू लागोपाठ अडवले, चौथ्याला फॉरवर्डला ऑफसाइड पकडलं आणि तेवढ्यात उत्तरही दिलं. क्लबचा शिकवणारा कुंपणाकडे बोट करून म्हणाला, "हा कोण?"

"माझा बॅक," एव्हासिओ म्हणाला.

ओदोनेला त्यांनी नाताळाआधी घेतलं. दोघं पाच मोसम तिथे खेळले. त्याच काळात सामन्याआधी सगळ्यांनी फॅसिस्टांसारखा उजवा हात वर करून सलामी द्यायचा हुकूम निघाला होता. ओदोने त्यावर कुजबुजायचा, "बोनार्दोला काय, तो जन्मापासून ऑफसाइडच मागतोय." हे ऐकू जाण्याजोगं म्हणायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून ते कुजबुजणं.

त्यांचा तिथला पहिला सामना मी पैसे भरून, लाकडी बाकावर बसून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा एव्हासिओ समोरून खेळताना दिसला. वीस हजार माणसं, बँड, झेंडे. गडी मैदानात आले, रांगेत उभे राहिले. बँड थांबला तसा माझ्या शेजारचा कुणी शहरी गृहस्थ दुर्बीण लावून म्हणाला, "ते दोन बॅक आत्तापासून काय एवढं ठरवतायत?"

मी म्हटलं, "डावपेच असतील, साहेब." एव्हासिओचे ओठ हलत होते, ओदोनेचे कान लाल होते, आणि दोघं एका रेघेत उभे होते, सुतारानं दोरी लावून आखल्यासारखे.